'ब्रिंग अबाउट' आणि विहिरीजवळचं वावर : एका वाक्याचं प्रकरण

भित्तिपत्रकावरच्या त्या परिच्छेदात आठ वाक्यं होती. सात कोणाच्या नजरेतही भरली नाहीत. आठवं हे :

'अवर फार्मर्स ब्रॉट अबाउट द पिंक बोलवर्म बाय कीपिंग द फरदड.'

लिहिणारी बारावी कला शाखेतली मुलगी. गाव पांढरकवड्याच्या बाजूचं, काळ्या जमिनीचं. कपाशी, मधे तुरीचे तास, उरलेल्या वावरात सोयाबीन. मी तिथं इंग्रजी शिकवतो. बोर्डाच्या परीक्षेआधी, जानेवारीत, एक भित्तिपत्रक करायचं, विषय गावातला आणि भाषा इंग्रजी, अशी आमची पद्धत आहे. त्या वर्षी मी अट घातली की प्रत्येकानं निदान एक फ्रेझल व्हर्ब, म्हणजे 'ब्रिंग अबाउट'सारखं जोडक्रियापद, वापरायचं. या प्रकरणाला कारणीभूत कोण हा प्रश्न पुढे येणारच आहे, तर पहिलं नाव माझं लिहून ठेवतो.

कागद सोमवारी लागला. बुधवारी मुलीचे वडील आले. मधल्या दोन दिवसांत त्या वाक्यानं बराच प्रवास केला होता. पानठेल्यावर कोण्या बी.ए. झालेल्या पोरानं त्याचं मराठी करून सांगितलं : 'शेतकऱ्यांनी फरदड ठेवून बोंडअळी घडवून आणली.' तिथून ते वडिलांपर्यंत पोचेस्तोवर 'तुह्या पोरीनं लिवलं, अळी बापानंच आनली' असं झालं. भाषांतराचा दोष म्हणावा तर तो पहिल्याच पायरीवर होता. पुढची सगळी नुसती घसरगुंडी.

वडील स्टाफरूमच्या दारात उभे राहिले. खांद्यावर दुपट्टा, आवाज खालचा.

"सर, म्या फरदड ठेवली, खोटं काऊन बोलू. इहिरीजवळच्या दोन एकरात ठेवली. पन अळी काय म्या आनली?"

मी म्हणालो, "तसं नाही हो भाऊ. इंग्रजीत त्याचा तसा अर्थ होत नाही."

ते हो म्हणून गेले. माझं उत्तर मात्र अर्धंच खरं होतं, आणि ते मला संध्याकाळपर्यंत टोचत राहिलं. कारण तोच कागद मी लावण्याआधी तपासला होता. लाल पेनानं त्या वाक्याखाली रेघ ओढून 'ऑब्जेक्ट चुकलं' एवढं लिहिलं होतं, आणि वेळ नाही म्हणून तसाच लावू दिला होता.

फरदड

विदर्भाबाहेरच्या वाचकासाठी एवढं सांगायला हवं. कपाशीची मुख्य वेचणी डिसेंबरपर्यंत आटोपते. मग पऱ्हाट्या, म्हणजे कपाशीची उभी झाडं, उपटून वावर मोकळं करायचं. पण ज्याच्याकडं विहिरीचं पाणी आहे तो पऱ्हाटी तशीच ठेवतो, पाणी आणि थोडा युरिया देतो. झाड पुन्हा पात्या, म्हणजे फुलाच्या कळ्या, धरतं, फेब्रुवारी-मार्चपर्यंत आणखी कापूस निघतो. पेरणीचा खर्च नाही, बियाण्याचा नाही. ही फरदड.

गुलाबी बोंडअळीला यासारखं सुख नाही. ती जवळजवळ कपाशीवरच जगते. कपाशी नसली की तिला पुढची पिढी वाढवायला जागा राहत नाही, म्हणून डिसेंबरात पीक संपवा असं कृषी विद्यापीठापासून नागपूरच्या केंद्रीय कापूस संशोधन संस्थेपर्यंत सगळे सांगत असतात. फरदडीमुळे ते मधले महिने ती पोसली जाते. अळी बोंडात शिरून आतली सरकी खाते, त्यामुळे एकदा आत गेली की फवाऱ्याचा उपयोग थोडा. डोमकळी दिसली, म्हणजे उमलण्याऐवजी गुलाबकळीसारखं मिटलेलं फूल दिसलं, की समजायचं पाहुणी आली. कामगंध सापळ्यात, म्हणजे मादीच्या गंधानं नर पतंगांना ओढणाऱ्या सापळ्यात, सलग ३ रात्री ८-८ पतंग सापडले तर उपाय सुरू करा, असा हिशेबही ठरलेला आहे.

हे सगळं मुलीला तोंडपाठ होतं. २०१७ च्या हंगामात बोंडअळीनं विदर्भाची कपाशी खाल्ली तेव्हा ती लहान होती, पण घरात जे बोललं गेलं ते तिनं ऐकलं होतं. शेतकरी म्हणत, बियाणं फसवं निघालं. 'जी फॉर्म' भरून तक्रारी झाल्या. बियाण्याच्या बाजूचे लोक म्हणत, तुम्ही फरदड ठेवता आणि बीटीभोवती, म्हणजे बोंडअळीला मारक जनुक घातलेल्या कपाशीभोवती, बिगर-बीटीच्या ओळी लावत नाही. बीटीच्या ४५० ग्रॅमच्या पाकिटासोबत १२० ग्रॅमचं बिगर-बीटीचं वेगळं पाकीट येई. ते लावलं असतं तर अळीला बीटी पचवायची सवय इतक्या लवकर लागली नसती, असा त्यामागचा विचार. आमच्याकडं ते पाकीट बहुतेक बांधावर पडलेलं असायचं. खरं सांगायचं तर ज्याच्याकडं तीनच एकर आहेत त्यानं त्यातल्या ओळी अळीच्या जेवणासाठी सोडाव्यात, हे ऐकायला सोपं आहे.

म्हणजे मुलीनं जे वाक्य लिहिलं ते एका मोठ्या, न संपलेल्या भांडणातलं एक बाजू घेणारं वाक्य होतं. तिला ते माहीत नव्हतं. तिला वाटत होतं आपण फ्रेझल व्हर्ब वापरतोय.

अबाउट म्हणजे विषयी नाही

दुसऱ्या दिवशी मी ते वाक्य फळ्यावर लिहिलं, मुलीला विचारून. ती म्हणाली, "लिवा सर, आता काय उरलं."

मागच्या बाकावरच्या एकानं सरळ अर्थ लावला : 'शेतकऱ्यांनी बोंडअळीविषयी आणलं.' काय आणलं, ते त्यालाही माहीत नव्हतं. हसू झालं, पण चूक प्रामाणिक होती. 'अबाउट' म्हणजे 'विषयी' हे आम्हीच पाचवीपासून त्यांच्या डोक्यात बसवतो. मग बारावीत सांगतो की 'ब्रिंग'च्या मागं आलं की ते विषयी राहत नाही.

इथं मराठीच कामाला येते. मी विचारलं, "भाकर खाऊन टाक, म्हणजे काय करायचं? टाकायची का?" नाही, संपवायची. 'झोपून जा' म्हटल्यावर कोणी उठून चालायला लागत नाही. 'टाक' आणि 'जा' यांचा मूळ अर्थ गळून गेला, नुसता झोक उरला. इंग्रजीत ते काम 'अबाउट', 'ऑफ', 'ऑन' असे बारके शब्द करतात. दोन शब्द मिळून एक क्रियापद, आणि त्या क्रियापदाचा अर्थ दोघांची बेरीज नव्हे. 'ब्रिंग अबाउट' म्हणजे एखादी गोष्ट घडायला कारण होणं.

व्याकरणाचं इतर लवकर उरकलं. भूतकाळ 'ब्रॉट'. कर्म मागं येतं, पण कर्म 'इट' असेल तर ते मधे शिरतं, 'ब्रिंग इट अबाउट'. 'ब्रिंग अबाउट इट' नाही. आणि 'वॉज ब्रॉट अबाउट बाय' असं कर्मणी करता येतं. सरकारी अहवालांना हे रूप फार प्रिय, कारण 'बाय'च्या पुढचं खोडलं तरी वाक्य उभं राहतं आणि करणारा गायब होतो.

मग माझी लाल रेघ. 'ब्रिंग अबाउट'च्या मागं घटना लागते किंवा बदल लागतो : चेंज, रिफॉर्म, पीस, एखाद्या गोष्टीचा शेवट, कोणाची पडझड. वस्तू किंवा जीव चालत नाही. ट्रॅक्टर 'ब्रिंग अबाउट' होत नाही, बैल होत नाही, अळीही होत नाही. अळीचा उद्रेक होतो. म्हणून 'ब्रॉट अबाउट ॲन आउटब्रेक ऑफ द पिंक बोलवर्म' म्हणायला हवं होतं. मुलीच्या वाक्यात अळीच कर्माच्या जागी बसली, आणि वाचणाऱ्याच्या डोळ्यासमोर शेतकरी पिशवीत अळी घालून आणतोय असं चित्र उभं राहिलं. प्रत्यक्षात तिला आणायची कोणाला गरजच नव्हती. शास्त्रज्ञांनी १८४३ मध्ये तिचं पहिलं वर्णन केलं तेच मुळी भारतात कपाशी खाणाऱ्या अळ्यांवरून.

इतपत माझी लाल रेघ बरोबर होती. वडिलांच्या प्रश्नाला मात्र ती पुरत नव्हती. समजा मुलीनं 'आउटब्रेक' लिहिलं असतं. पानठेल्यावरच्या पोरानं 'शेतकऱ्यांनी बोंडअळीचा उद्रेक घडवून आणला' म्हटलं असतं. वडील तरीही आलेच असते.

घडवून आणणे

शब्दकोशात 'ब्रिंग अबाउट'समोर 'घडवून आणणे' दिसतं. जोडी इतकी देखणी आहे की शंका येत नाही. तिकडं 'ब्रिंग', इकडं 'आणणे'. दोन्ही भाषांनी घटना हाताला धरून आणली. मीसुद्धा वर्षानुवर्षं हाच अर्थ फळ्यावर लिहीत आलो.

वडील येऊन गेले त्या संध्याकाळी मी मराठीत वाक्यं बनवत बसलो होतो. मध्यस्थांनी तडजोड घडवून आणली. मामानं दोघांची भेट घडवून आणली. कोणीतरी दंगल घडवून आणली. तिन्ही चालतात. आता : पावसानं पूर घडवून आणला. उन्हानं पऱ्हाटीची पातेगळ घडवून आणली. ही कानाला टोचतात. पावसाला पूर आणायचा नसतो, ऊन कट रचत नाही. 'घडवून आणणे'ला मनात काही धरलेला माणूस लागतो.

इंग्रजीत तसं बंधन नाही. 'अ लाँग ड्राउट ब्रॉट अबाउट अ फॅमिन' हे सरळ वाक्य आहे. दुष्काळानं ठरवून काही केलं असं कोणी म्हणत नाही. माणूस कर्ता असेल तेव्हा हेतूची सावली पडते, पण तिथंही 'स्वतःच्या हातानं स्वतःची पडझड केली' अशा अर्थानं हे क्रियापद येतं, आणि पडझड कोणी ठरवून करत नाही. म्हणजे इंग्रजी शब्द कारणापाशी थांबतो. मराठी शब्द कारणाच्या पुढं एक पाऊल टाकून हेतूपर्यंत जातो. मुलीनं लिहिलं कारण, बापानं ऐकला हेतू. दोघांच्या मधे शब्दकोशाची एक ओळ.

माझं 'तसा अर्थ होत नाही' इथवर खरं. पुढचं अर्धं असं, की इंग्रजी वाक्यातसुद्धा कर्त्याच्या खुर्चीवर 'अवर फार्मर्स' हेच बसले होते. हेतूचा आरोप नसेल, जबाबदारीचा होता. पाणी देणारा तो, पऱ्हाटी न उपटणारा तो. पण त्यानं ती का ठेवली, हे वाक्यात कुठंच नव्हतं, आणि त्या क्रियापदात ते मावणारही नव्हतं. 'ब्रिंग अबाउट' एका उडीत कारणापासून परिणामापर्यंत जातं. मधल्या पायऱ्या गिळून टाकतं.

साखळी

फळ्यावर मग इंग्रजी पुसून मराठीत साखळी लिहिली. सांगायला मुलंच. नोव्हेंबरात पहिल्या वेच्याचा कापूस विकला, भाव पडलेला. त्या पैशात उधारी गेली. हरभरा पेरायचा तर बियाणं, खत, पुन्हा पैसा. पऱ्हाटी उभी आहे, विहिरीला पाणी आहे. मग ठेवली. एक मुलगा म्हणाला, "सर, फरदड कोनी हौसेनं ठेवते का? घरात काई नसलं का ठेवते." वर्ग गप्प झाला. त्याच्याही घरी होती, हे सगळ्यांना ठाऊक होतं.

या साखळीच्या प्रत्येक सांध्याला कोणतं क्रियापद, यावर तास गेला. मुलं अशी भांडताना मी क्वचितच पाहिली.

'लीड टू' सगळ्यांत जास्त ठिकाणी बसलं. ते वाटेचं क्रियापद आहे. एक गोष्ट दुसरीकडं नेते, मधे वळणं असतील, वेळ लागेल. भूतकाळ 'लेड', मुलं 'लीड'च लिहितात आणि मी दरवर्षी खोडतो.

'रिझल्ट'नं घोळ घातला. 'रिझल्ट इन'च्या मागं परिणाम येतो, 'रिझल्ट फ्रॉम'च्या मागं कारण. एकानं लिहिलं, 'हेवी रेन रिझल्टेड फ्रॉम क्रॉप लॉस.' म्हणजे पीक गेलं म्हणून पाऊस आला! ही चूक इतकी नेहमीची का, याचा मला उशिरा उलगडा झाला. मराठीत खूण कायम कारणाला चिकटते : 'पावसामुळे'. शब्द कुठंही फिरवा, 'पीक गेलं पावसामुळे' म्हणा, 'मुळे' पावसाला सोडत नाही. इंग्रजीत खूण चिकटते ती क्रियापदाच्या मागं येईल त्याला, मग ते कारण असो की परिणाम. मुलं 'मुळे'चा इंग्रजी अवतार शोधतात, हाती लागेल तो बारका शब्द लावतात, आणि पाऊसच पीक जाण्याचा परिणाम होऊन बसतो.

'स्टेम फ्रॉम'वर एक मुलगी म्हणाली, "स्टेम म्हंजे तं खोड." बरोबर. इंग्रजीत गोष्टी खोडातून फुटतात. आपलं 'मुळे' मुळातून आलंय. मला या दोन भाषांचं एकमेकींशी इतकं जमेल असं वाटलं नव्हतं.

'सेट ऑफ' ठिणगीसाठी, एकदम पेटणाऱ्या गोष्टीसाठी. बोंडअळीला ते कोणी घेतलं नाही, ती हळू येते. 'ब्रिंग ऑन' नकोशा गोष्टीसाठी, बहुधा अंगाच्या दुखण्यासाठी. मराठीत 'ओढवणे'च्या जवळचं. त्यावर मागचा बाकवाला म्हणाला, "मंग तेच लावा नं सर, अळीनं आमच्यावर ओढवलंच." ओढवलं खरं, पण 'ब्रिंग ऑन'ला ओढवणारं कारण कर्ता म्हणून लागतं, आणि आम्ही पुन्हा त्याच खुर्चीपाशी आलो.

कोणीतरी विचारलं की सरळ 'कॉज' का नको. चालतं. फक्त ते अधिक कडू आहे. मायकेल स्टब्ज या भाषाशास्त्रज्ञानं १९९५ मध्ये खऱ्या इंग्रजी मजकुरांचे ढीग तपासून दाखवलं की 'कॉज'च्या संगतीला बहुतेक वेळा वाईटच येतं : प्रॉब्लेम, डॅमेज, डेथ. शब्दालाही संगतीचा वास लागतो.

मुलगी तासभर बोलली नव्हती. शेवटी वही पुढं केली. एका वाक्याची तिनं तीन केली होती. मराठीत सांगायचं तर : नोव्हेंबरातल्या कमी भावामुळे पुष्कळ कुटुंबांकडं रबीसाठी पैसा उरला नाही. त्यातून ज्यांच्याकडं पाणी होतं त्यांनी फरदड ठेवली. फरदडीनं अळीला जानेवारीनंतरही खायला मिळालं आणि पुढच्या हंगामात तिचा उद्रेक झाला. पहिल्या दोन सांध्यांना 'लेड टू', शेवटी 'रिझल्टेड इन'. शेतकऱ्याला तिनं वाक्यातून काढलं नव्हतं. दुसऱ्या वाक्यात तो होता, फरदड ठेवताना. पण आता त्याच्या आधी काहीतरी होतं.

मी फक्त एका ठिकाणी आर्टिकल घातलं.

वाचन

शनिवारी वडील पुन्हा आले, मीच निरोप दिला होता. नवा कागद मुलीनंच वाचून दाखवला, एकेक वाक्य इंग्रजी, मग त्याचं मराठी. 'लेड टू'पाशी त्यांनी थांबवलं.

"हे लेड म्हंजे काय वं?"

"नेलं, बाबा."

"कोनी, कोनाले?"

"भावानं आपल्याले. फरदडीकडं."

ते थोडं थांबले. "नेलं म्हंजे बराबर हाये. नेलं तं आमी गेलो." मग बोट तिसऱ्या वाक्यावर. "पन हे अपुरं हाये. पायजे तं माह्या वावरातली फरदड तू काढून टाक, अळी जाते का? जिनिंगात सरकीचे ढीग पडून रायते उन्हाळाभर, त्याच्यात अळी नाई का? थ्या काऊन नाई लिवल्या?"

हे खरं आहे. सरकीचे दोन दाणे एकमेकांना जोडून अळी त्यात तग धरते, आणि जिनिंगच्या, म्हणजे कापसातून सरकी वेगळी करणाऱ्या कारखान्याच्या, आवारातही कामगंध सापळे लावायला सांगतात ते त्यासाठीच. माझ्या साखळीत हा सांधा नव्हता. वर्गातल्या एकाही पोराला सुचला नव्हता.

मुलीनं पेनाचं टोपण काढलं, कागदाच्या खाली उरलेल्या जागेकडं पाहिलं आणि मला विचारलं, "सर, जिनिंगसाठी कोनतं लावू? इथं चालन का 'ब्रिंग अबाउट'?"